वीस बोंडं

त्या सप्टेंबरात मयुरी वानखडेच्या पिशवीत दोन टॅब होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण चिखलीच्या ऑफिसला ते कोण सांगणार? त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस दोन्ही वापरून पाहा, मग एक ठेवा आणि एक जमा करा. जबरदस्ती नाही. जुना ठेवलात तर जुनाच राहील, नवा घेतलात तर जुना परत मिळणार नाही.

मयुरी अमडापूरची. बारावीनंतर कृषी पदविका केली आणि एका सल्ला देणाऱ्या संस्थेत कपाशीवरची कीड पाहायच्या कामाला लागली. अमडापूर आणि भोवतालची दहा गावं मिळून अकरा गावं तिच्याकडे होती. दुचाकीवरून वावरात जायचं, कपाशी पाहायची, टॅबमध्ये भरायचं आणि शेतकऱ्याला फवारणी कर किंवा करू नको ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण गुलाबी बोंडअळी ही अशी चीज आहे की ती बाहेरून दिसतच नाही. बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिच्यामागं छिद्र बुजतं, आणि बोंड असं हिरवंगार दिसतं की कोणी दृष्ट काढावी. आत मात्र सरकी पोखरलेली असते. बीटी बियाणं आलं तेव्हा ही अळी गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. ती परत आली, आणि आली ती घरचा किल्ला घरच्यानंच फोडावा तशी आतून.

म्हणून जुना टॅब वीस बोंडं मागायचा. वावरात आडवंतिडवं फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, मुठीनं नाहीतर दगडानं फोडायची आणि प्रत्येकात अळी आहे की नाही ते एकेका रकान्यात भरायचं. विसाव्या रकान्यात आकडा पडल्याशिवाय तो पुढचं पान उघडतच नसे. वीसात दोन किडकी निघाली की पान लाल. टॅब जड होता, काच एका कोपऱ्यात तडकलेली होती, आणि दुपारच्या उन्हात त्याला इतका ताप चढे की मयुरी त्याला ओढणीत गुंडाळून लिंबाच्या सावलीत ठेवी. तिनं त्याला तीन वर्षांत जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कोण्या सासूनं सुनेला घातल्या नसतील.

आणि लोक मयुरीला शिव्या घालत. वावरामागं वीस बोंडं म्हणजे कापूस फार जात नाही, पण हिरवं बोंड डोळ्यांदेखत फोडलेलं कोणाला बघवतं? तिचं नावच पडलं होतं, बोंडफोडी मॅडम. सत्यभामाबाई देशमुख तर तिला धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, अडवायच्या. सहा एकर कपाशी एकटीच्या जिवावर करणारी बाई, जिभेला हाड नाही.

"सीतादही झाल्याबिगर बोंडाले हात नाई लावायचा, सांगून ठेवतो," त्या म्हणायच्या. "तुमच्यात नसतीन पाळत, आमच्यात पाळतात."

वेचणीच्या पहिल्या दिवशी धुऱ्यावर दहीभात ठेवून कपाशीला हात जोडायचे आणि मगच पहिलं बोंड वेचायचं, ही सीतादही. ती दसऱ्यानंतर. आणि अळी शिरते भादव्यात. आता हे अळीला कोण समजावणार?

"तुमच्यात" या शब्दाचा अर्थ मयुरीला नीट कळायचा. ती बौद्धवाड्यातली. तो शब्द ती गिळायची आणि म्हणायची, "काकू, दोनच फोडतो." पण दोन फोडून जुना टॅब ऐकत नसे, आणि सत्यभामाबाई दोनही फोडू देत नसत.

लोकांचं जाऊ द्या. तिचा बाप, जानराव, त्यानंही पहिल्याच वर्षी स्वतःच्या वावराला कुलूप लावलं. चार एकर, तेही आज्यानं धरणाच्या कामावर दगड वाहून मिळवलेले. जानरावला त्या वावराचा भारी अभिमान. "मी सीतादही-बितादही मानत नाई," तो म्हणाला, "पन लोक मले हासून राह्यले. जानरावची लेक शिकली आन् बापाचीच बोंडं फोडत सुटली. दुसऱ्याच्या वावरात कर काय करायचं ते."

बापच फोडू देत नाही म्हटल्यावर दुसरे कशाला देतील? घरोघरी मातीच्या चुली. एक गुलाम रसूल चाचा तेवढे मनानं उदार. वस्तीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी आणि गिरणीमागं तीन एकर. ते स्वतः बोंडं तोडून तिच्या पुढ्यात टाकत आणि टॅबच्या रकान्यात आकडे पडताना चष्मा वर करून पाहत. "फोड बेटी," म्हणत, "पोटात काय हाय ते फोडल्याबिगर डॉक्टरलेबी कळत नाई."

तर असं हे चाललं होतं, आणि त्यात नवा टॅब आला.

पातळ, हलका, चकचकीत. झाडासमोर धरायचा, तीन फोटो काढायचे, एक पानाचा, एक फुलाचा, एक बोंडाचा. बोंड न तोडता. आठ-दहा सेकंदांत पडद्यावर गोल उमटायचा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. एवढंच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर तो स्वतःहून मेसेज पाठवायचा: "मयुरी जानराव वानखडे यांच्या पाहणीनुसार आपल्या गावातील कपाशी निरोगी आहे. फवारणीची गरज नाही."

पहिला मेसेज आला त्या दिवशी जानराव गिरणीवर जाऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइल दाखवत होता. "वाचा, मोठ्यानं वाचा. काय नाव हाय?" ज्या गावात त्याच्या बापाला नावानं नव्हे, जातीनं हाक मारत, त्या गावात देशमुखांच्या मोबाइलवर त्याच्या लेकीचं पूर्ण नाव, मधे बापाचं. मयुरी घरून पाहत होती. बाप इतका सरळ बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर टॅबचा निकाल तिनं तिथंच अर्धा लावून टाकला होता.

सत्यभामाबाईही बदलल्या. फोटो म्हटल्यावर धुऱ्यावर पदर नीट करून उभ्या राहिल्या. "माह्याबी येतो का वं यात?" म्हणाल्या. आणि तिसऱ्या दिवशी चहा पाजला, घरातल्या कपात.

पण त्याच वावरात मयुरीला एक फूल दिसलं. कपाशीचं फूल सकाळी उमलतं. हे उमललं नव्हतं, पाकळ्या एकमेकींत पीळ घालून मिटलेल्या होत्या. याला डोमकळी म्हणतात. आत अळी असली की ती पाकळ्या रेशमानं शिवून टाकते. तिनं नवा टॅब त्या फुलासमोर धरला. टॅबनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, "फुले भरपूर. उत्तम." हिरवा गोल.

तिनं पुन्हा धरला. पुन्हा उत्तम.

 तिनं फहीम सरांना फोन लावला. फहीम धाड गावचा, चिखलीच्या ऑफिसात तिचा साहेब. साहेब म्हणण्यापुरता, वयानं तिच्याहून चारच वर्षांनी मोठा. माणूस भला होता.

"मयुरीताई," तो म्हणाला, "एका फुलावरून कसं सांगता? त्यानं लाखो फोटो पाह्यलेत. तुम्ही तीन वर्षांत किती बोंडं पाह्यली असतील?"

तिनं मनात हिशेब केला नाही. लाखापुढं आपण कोण, असं तिला वाटलं. शिकलेल्या माणसाला गप्प करायला मोठा आकडा पुरतो.

पंधरा दिवसांत तिनं गुलाम रसूल चाचांच्या वावरात दोन्ही लावून पाहिले. जुन्यात वीसात एक निघालं, म्हणजे हद्दीच्या आत. नव्यात हिरवं. दोघांचं जमलं. दुसऱ्या दोन गावांतही जमलं. तेव्हा नुकता भादवा लागला होता, आणि अळी अजून फुलांतच होती, हे तिला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही. तिनं कळून घेतलं नाही.

"चाचा, कोनता ठेवू?" तिनं विचारलं.

गुलाम रसूलांनी पिठानं माखलेले हात झटकले. "बेटी, मले त्या जुन्याचा भरवसा. तो आडमुठा हाय. पन लोक तुले नव्यानं मान देऊन राह्यले, ते मी पाहून राह्यलो. तुह्या जाग्यावर मी असतो तं नवाच घेतला असता." आणि हसून म्हणाले, "म्हनूनच खुदा मले दुसऱ्याच्या जाग्यावर ठेवत नाई."

सोमवारी ती चिखलीला गेली. टेबलावर जुना टॅब ठेवला, कागदावर सही केली. कारकुनानं तिच्यासमोर एक बटण दाबलं, पडदा पांढरा झाला, आणि तीन वर्षांची सगळी वीस-वीस बोंडं पुसली गेली. परतीच्या बसमध्ये खांदा हलका लागत होता. तिला बरं वाटलं. त्याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त चीड आली.

मग तीन गुरुवार गेले. तिन्ही हिरवे. अकराही गावं हिरवी. पाऊस बेताचा, उघाड चांगली, झाडं कमरेच्या वर. बोंडांनी फांद्या वाकल्या होत्या. म्हातारे म्हणत, असं पीक बारा वर्षांत पाहिलं नाही. फवारणीवाल्यांना कोणी बोलवेना. पंप घराघरांत खुंटीला टांगलेले. मयुरी जिथं जाई तिथं लोक खाट टाकत. आणि तिला रात्रंदिवस त्या शिवलेल्या पाकळ्या आठवत.

चौथ्या बुधवारी ती रस्त्याला लागायला म्हणून बापाच्या वावरातून आडवी निघाली. सकाळची वेळ. एका तासात, म्हणजे कपाशीच्या एकाच ओळीत, तिनं सहा डोमकळ्या मोजल्या. ती थांबली. इकडंतिकडं पाहिलं. बापाच्या वावरात चोरासारखं पाहायची पाळी तिच्यावर आली. मग एक बोंड तोडलं, दगडावर ठेवलं आणि फोडलं.

साफ.

दुसरं साफ. तिसऱ्यात ती होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पाठीवर गुलाबी पट्टे, सरकीत डोकं खुपसून बसलेली. उजेड लागला तशी वळवळली. मयुरीनं सवयीनं वीस पुरी केली. सात किडकी निघाली. वीसात दोनला लाल होतं, हे तर सात. तिनं नवा टॅब त्याच झाडासमोर धरला. हिरवा गोल उमटला. फोडलेलं बोंड समोर धरलं, तर लिहून आलं, "छायाचित्र ओळखता येत नाही. कृपया पूर्ण बोंड दाखवा."

 अकरा गावं. तीन गुरुवार. आणि प्रत्येक मेसेजवर तिचं नाव.

"सर, हे भरायचं कुठं?" तिनं फहीमला विचारलं. "सात निघाली. यात जागाच नाई."

"खाली शेरा लिहायची जागा आहे," तो म्हणाला. "पण तो शेरा वर कोणी वाचतं का, मला माहीत नाही. आमचंही वावर आहे धाडला, ताई. अब्बा सांगत होते, मस्त पीक आहे. तिथंही हिरवंच येतं."

"सर, फोडून पाहा."

त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. दोनच शब्द होते: "वीसात अकरा."

त्याच संध्याकाळी, गुरुवारी, मयुरी गिरणीवर गेली. दहा-बारा माणसं बसली होती, दळण घ्यायला सत्यभामाबाई आल्या होत्या, आणि जानराव होता. मयुरीनं दगडावरून गोळा करून ओढणीत बांधून आणलेली फोडकी बोंडं रिकाम्या पोत्यावर ओतली.

"आयका," ती म्हणाली. "माह्याकडून चूक झाली. नवा टॅब चुकून राह्यला. अळी आत हाय, फोटोत दिसत नाई. उद्याच फवारनी करा. आधी वीस बोंडं फोडून पाहा आन् मंग करा, पन थांबू नका. आठ दिवस गेले तं हातात काईच राहनार नाई."

माणसं पुढं वाकली. गुलाम रसूलांनी चष्मा वर करून एक बोंड हातात घेतलं, अळी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोनाच्या वावरातली हायत ही?"

मयुरीनं बापाकडं पाहिलं. "आमच्या."

सगळ्यांच्या माना जानरावकडं वळल्या. आणि तेवढ्यात मोबाइल वाजले. आधी एक, मग दोन, मग सगळेच. गुरुवार होता. जानरावनं खिशातून मोबाइल काढला. तो पाच मिनिटं पाहतोय असं मयुरीला वाटलं, पाहिलं असेल पाच सेकंद. मग तो उभा राहिला.

"माह्या वावरात काई नाई," तो म्हणाला. "पोरीनं रस्त्याच्या कडंचं कुठलंतरी उचलून आनलं. दहा दिवस झाले, उन्हातान्हात फिरून राह्यली, झोप नाई तिले." आणि त्यानं मोठ्यानं, एकेक अक्षर सावकाश, वाचून दाखवलं, "मयुरी जानराव वानखडे यांच्या पाहणीनुसार आपल्या गावातील कपाशी निरोगी आहे."

"बाबा!"

"घरी चाल."

"हे तं तुहंच नाव हाय वं, माय," सत्यभामाबाई म्हणाल्या. आता त्यांच्या बोलण्यात शिवी नव्हती, दया होती, आणि ती जास्त लागली. "लिहून एक धाडतं आन् तोंडानं दुसरंच सांगतं. आराम कर चार दिवस. सीतादही होऊ दे, मंग वेचताना दिसंनच काय ते."

आता मयुरी काय सांगणार? लिहिलं ते मी नाही? टॅब घेताना सही तर तिचीच होती. लोक उठले. कोणी हसलं नाही, कोणी भांडलंही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणात माणूस ऐकतो तरी. एका म्हाताऱ्यानं जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तासाभरानं गुलाम रसूलांचा फोन आला. आवाजात सुटका होती. "बेटी, अंधार पडायच्या आत जाऊन आलो वावरात. एक फोडलं. साफ हाय, अल्लाची मेहेरबानी."

"चाचा, वीस फोडा."

"वीस काऊन फोडू? जुना टॅब थोडाच मागून राह्यला आता!" ते हसले. "झोप जा."

ती झोपली नाही. घरात बाप जेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मयुरीनं ठरवलं, सकाळी त्याला हाताला धरून वावरात न्यायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बोंडं फोडायची. तो ऐकला तर गाव ऐकेल. तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात उरली होती.

पहाटे फटफटलं तेव्हा त्याची खाट रिकामी होती. ती अनवाणीच मागच्या अंगणात गेली. जानराव तोंडाला फडकं बांधून बसला होता. खुंटीवरचा फवारणी पंप खाली आला होता, शेजारी औषधाची बाटली, झाकण उघडं. पायाशी दहा-पंधरा हिरवी बोंडं फोडून पडली होती.

मयुरीला आधी हायसं वाटलं. "बाबा, तुम्ही पाह्यलं?"

"परवाच पाह्यलं," तो म्हणाला. "तू वावरातून निंगाली आन् मी आलो. तुही फोडलेली दिसली दगडावर. मंग मी पुढची फोडली."

"मंग काल काऊन…"

त्यानं वर पाहिलं नाही. बाटलीच्या झाकणात औषध मोजून पंपात ओतलं. "काल सगळ्यांदेखत काय बोलू? गावात तुहं नाव पह्यल्यांदा निंगालं. मीच फिरून फिरून दाखवलं. आता मीच म्हनू का, माह्या लेकीनं अकरा गावं बुडवली?" मग म्हणाला, "वरतून मेसेज येऊन राह्यले तोवर कोनी तुले काई म्हनत नाई. मेसेजवाल्याले म्हनतीन. तू गप राह्य."

"पन लोकांचं पीक, बाबा. चाचांचं…"

"आयकलं का कोनी तुहं?" तो म्हणाला. "नाई आयकलं ना. मंग मी काय करू? आपले चार एकर तं वाचू दे." त्याचे हात थांबले नाहीत. "लोक यायच्या आत जमन तेवढं उरकतो. कोनी इचारलं तं सांग, खताची फवारनी हाय."

मयुरी उभी होती. तिला त्याचा संताप आला, त्याच्या हातांची कीव आली, आणि आपलं वावर वाचेल या विचारानं छातीत जी एक ऊब शिरली तिची तिला मरणाची लाज वाटली. समोर सत्यभामाबाईंचं वावर धुक्यात हिरवंगार पसरलं होतं, त्यापुढं गुलाम रसूल चाचांचं, त्यापुढं ज्यांनी तिला खाट टाकली त्या सगळ्यांचं. सगळी झोपली होती. तिच्या नावावर झोपली होती.

"पानी आन," जानराव म्हणाला.

तिनं बादली उचलली, हौदात बुडवली आणि पंपात ओतली. पंप भरायला तीन बादल्या लागल्या.